मते कोटींत, इलेक्टर शून्य

टेक्ससचे अब्जाधीश उद्योजक रॉस पेरो यांना १९९२ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत १ कोटी ९७ लाख मते पडली. म्हणजे जवळजवळ १९ टक्के. अध्यक्ष ज्या इलेक्टरांच्या मतांवर ठरतो, त्यांपैकी त्यांच्या वाट्याला एकही आला नाही. त्याआधी २४ वर्षे, १९६८ मध्ये, अलाबामाचे माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांना एक कोटीपेक्षा जरा कमी, साडेतेरा टक्के मते होती. त्यांना मात्र ४६ इलेक्टर मिळाले. अमेरिकेत डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन्ही पक्षांना कंटाळलेल्या मतदाराचे काय होते, हे समजून घ्यायचे तर या दोन आकड्यांपासून सुरुवात करावी.

फरक यंत्रणेत आहे. अमेरिकेत अध्यक्षपदाची एक निवडणूक होत नाही. पन्नास राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन अशा ५१ वेगळ्या निवडणुका होतात. मेन आणि नेब्रास्का सोडले तर सगळीकडे नियम एकच : राज्यात ज्याला सर्वांत जास्त मते, त्याचे सगळे इलेक्टर. वॉलेस यांची मते दक्षिणेत एकवटलेली होती, म्हणून त्यांनी पाच राज्ये जिंकली. पेरोंची मते मात्र मीठ पेरावे तशी देशभर पसरली होती. मेनमध्ये तर ते दुसरे आले, तेही पदावर असलेल्या जॉर्ज बुश यांना अवघ्या ३१६ मतांनी मागे टाकून. बुश कुटुंबाचे उन्हाळी घर त्याच राज्यात आहे! पण नुसते दुसरे येऊन तिथेही काही मिळाले नाही. आपल्याकडे दहा-बारा जागा जिंकणारा पक्ष सरकार घडवताना भाव खातो. तिकडे पद एकच, त्यात वाटेकरी होण्याची सोयच नाही.

नाराजी मात्र जुनी आहे. १८९२ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी, रेल्वे कंपन्यांच्या वाहतूक दरांनी पिचलेल्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या लोकांनी, पीपल्स पार्टी उभी केली. ओमाहाच्या अधिवेशनात त्यांनी मागण्या मांडल्या : उत्पन्नानुसार चढता आयकर, सिनेटरांची थेट लोकांकडून निवड, चलन वाढावे म्हणून चांदीची नाणी मोकळेपणी पाडण्याची मुभा. जेम्स वीव्हर यांना दहा लाखांवर मते आणि २२ इलेक्टर मिळाले. चार वर्षांनी डेमोक्रॅटिक पक्षाने चांदीची मागणी उचलली आणि विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना उमेदवारी दिली. पीपल्स पार्टीनेही त्यांनाच पाठिंबा दिला आणि इथेच ती संपली. आयकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी पुढे १९१३ मध्ये घटनादुरुस्तीने आल्या. तोवर मागणी करणारा पक्ष उरला नव्हता.

याच सुमारास आणखी एक बदल झाला, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. १८८० च्या दशकाच्या शेवटापर्यंत मतपत्रिका सरकार छापत नसे. पक्षच आपापल्या चिठ्ठ्या छापून वाटत आणि मतदार ती पेटीत टाकी. एकच उमेदवार दोन पक्षांच्या चिठ्ठ्यांवर असू शके, त्यामुळे छोट्या पक्षाला मोठ्याशी हातमिळवणी करूनही स्वतःचे नाव टिकवता येई. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने सरकारी, गुप्त मतपत्रिका आणली आणि इतर राज्ये मागोमाग गेली. गैरप्रकार कमी झाले, हे खरे. पण आता मतपत्रिकेवर कोणाचे नाव छापायचे हे राज्याची विधिमंडळे ठरवू लागली, आणि विधिमंडळांत बसले होते ते दोनच पक्ष. बहुतेक राज्यांनी एका उमेदवाराला दोन पक्षांच्या नावे उभे राहण्यास मनाई केली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशी मनाई वैध ठरवली. न्यूयॉर्क, कनेक्टिकटसारख्या थोड्या ठिकाणीच ती जुनी सोय उरली आहे. बाकी ठिकाणी छोट्या पक्षांना प्रत्येक राज्याची वेगळी मुदत, वेगळा सह्यांचा आकडा आणि त्या सह्या खोट्या असल्याचा दावा करणारे वकील, एवढ्यांना पुरून उरावे लागते. पैसा आणि वर्ष यातच जाते.

तिसऱ्या उमेदवारीतली सर्वांत मोठी झेप १९१२ ची, आणि ती झेप घेणारा माणूस साधा नव्हता. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना आपलेच वारस विल्यम टाफ्ट यांचा कारभार पटेना. रिपब्लिकन पक्षाच्या जिथे प्राथमिक निवडणुका (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीचे मतदान) झाल्या, त्यांतल्या बहुतेक रूझवेल्ट यांनी जिंकल्या. पण शिकागोच्या अधिवेशनात पक्षयंत्रणा टाफ्ट यांच्या हातात होती आणि उमेदवारी त्यांनाच गेली. रूझवेल्ट बाहेर पडले आणि प्रोग्रेसिव्ह पक्ष काढला. १४ ऑक्टोबरला मिलवॉकीत त्यांच्यावर गोळी झाडली गेली. खिशातल्या घडी केलेल्या पन्नास पानी भाषणाने आणि चष्म्याच्या धातूच्या डबीने तिचा जोर कमी केला. गोळी छातीत असतानाच ते सुमारे दीड तास बोलले. असा उमेदवार, अशी प्रसिद्धी, आणि तरी २७ टक्के मते व ८८ इलेक्टर. अध्यक्ष टाफ्ट तिसरे आले, त्यांना फक्त ८ इलेक्टर. समाजवादी यूजीन डेब्स यांनी ६ टक्के घेतले. आणि डेमोक्रॅट वुड्रो विल्सन ४२ टक्क्यांवर ४८ पैकी ४० राज्ये जिंकून बसले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, ही म्हण कुठल्याही निकालाला चिकटवली जाते. इथे ती अक्षरशः लागू पडते.

वॉलेस यांचा हिशेब वेगळा होता. दोन्ही पक्षांत दहा सेंटचाही फरक नाही, असे ते सभांतून सांगत. वर्णभेद टिकवू पाहणारा गोरा दक्षिणी मतदार नागरी हक्कांच्या कायद्यांमुळे डेमोक्रॅटिक पक्षावर चिडला होता, त्यावर त्यांची मदार होती. जिंकणे हा त्यांचा उद्देशच नव्हता. कोणालाच इलेक्टरांचे बहुमत मिळू नये आणि मग सौदा करता यावा, हा डाव होता. बहुमत नसेल तर घटनेप्रमाणे निर्णय प्रतिनिधिगृहाकडे जातो आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. १८२४ मध्ये असेच झाले होते. सर्वाधिक मते मिळवलेले अँड्र्यू जॅक्सन राहिले आणि जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले. १९६८ मध्ये रिपब्लिकन रिचर्ड निक्सन यांना इलेक्टरांचे बहुमत मिळाले आणि डाव फसला. भीती मात्र बसली. पुढच्याच वर्षी प्रतिनिधिगृहाने इलेक्टरांची ही पद्धत, म्हणजे इलेक्टोरल कॉलेज, रद्द करून थेट निवडणूक आणणारी घटनादुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली. १९७० मध्ये सिनेटमध्ये भाषणे लांबवून ती अडवली गेली, त्यात दक्षिणेचे सिनेटर पुढे होते. ही पद्धत मोडण्याच्या इतक्या जवळ अमेरिका नंतर कधी आली नाही. वॉलेस यांचे मतदार पुढे कुठे गेले? रिपब्लिकन पक्षाने त्यांना सावकाश आपल्याकडे ओढले.

पेरोंकडे असा प्रदेश नव्हता, होते ते पैसे आणि तक्ते. फेब्रुवारी १९९२ मध्ये लॅरी किंग यांच्या टीव्ही कार्यक्रमात ते म्हणाले की लोकांनी मला पन्नासही राज्यांच्या मतपत्रिकांवर आणले तर मी उभा राहीन. स्वयंसेवकांनी ते करून दाखवले. जूनमध्ये मतचाचण्यांत ते बुश आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे बिल क्लिंटन दोघांच्याही पुढे होते. जुलैत अचानक माघार, ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला पुन्हा रिंगणात; एवढा घोळ घालूनही १९ टक्के मिळतात, यावरून राग किती होता ते कळावे. अर्ध्या-अर्ध्या तासाची टीव्हीवरची वेळ विकत घेऊन हा माणूस हातात छडी धरून सरकारी कर्जाचे आलेख समजावत असे, आणि लोक ते बघत. मेक्सिकोशी मुक्त व्यापार झाला तर नोकऱ्या दक्षिणेकडे शोषल्या जाताना मोठा आवाज येईल, हे त्यांचे वाक्य तर घरोघरी पोचले. पेरोंनी बुश यांना पाडले, असे रिपब्लिकन आजही म्हणतात. पण मतदानानंतर झालेल्या पाहण्यांत त्यांचे मतदार दोन्हीकडून साधारण सारखेच आले होते.

उमेदवारांच्या टीव्हीवरच्या वादविवादात पेरो बसू शकले, हे महत्त्वाचे. १९८४ पर्यंत हे वाद लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संस्था भरवत असे. १९८० मध्ये तिने अपक्ष जॉन अँडरसन यांना बोलावले, तर अध्यक्ष कार्टर यांनी त्या वादात यायलाच नकार दिला. १९८७ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून हे वाद भरवणारा आयोग काढला. १९९६ मध्ये त्याने पेरोंना बाहेर ठेवले आणि २००० पासून राष्ट्रीय मतचाचण्यांत १५ टक्क्यांची अट घातली. टीव्हीवर दिसल्याशिवाय १५ टक्के होत नाहीत आणि १५ टक्के झाल्याशिवाय टीव्हीवर दिसता येत नाही.

मग फ्लोरिडा. २००० मध्ये तिथे धाकटे बुश डेमोक्रॅट अल गोर यांच्या ५३७ मतांनी पुढे राहिले, अध्यक्ष झाले, आणि पर्यावरणवादी ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७,४८८ मते होती. डेमोक्रॅट्सनी नेडर यांना आजतागायत माफ केलेले नाही. आपल्याकडे ‘मते खाल्ली’ म्हणतात, तसाच हा आरोप. त्यात गृहीत हे की ती मते आधीपासून कोणाच्या तरी ताटात वाढलेली होती. मतपत्रिकेवर नाव असलेल्या प्रत्येक छोट्या उमेदवाराला फ्लोरिडात ५३७ पेक्षा जास्त मते होती, अगदी सोशलिस्ट वर्कर्स पार्टीलाही ५६२. कोणाकोणाला दोष द्यायचा? २०१६ मध्ये हेच पुन्हा घडले. ट्रम्प आणि हिलरी क्लिंटन दोघेही विक्रमी नावडते. मिशिगनमध्ये ट्रम्प १०,७०४ मतांनी जिंकले, ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना ५१ हजारांवर मते होती. त्याच मिशिगनमध्ये, सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी हवा म्हणणाऱ्या लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन यांना १ लाख ७२ हजार मते होती, आणि ती कोणाची हा प्रश्न डेमोक्रॅट्स विचारत नाहीत.

२०२४ ला बायडन-ट्रम्प हीच जोडी पुन्हा समोर आली तेव्हा ‘दोघेही नकोत’ म्हणणारे पुष्कळ होते. नेवाडात मतपत्रिकेवर ‘यांपैकी कोणीही नाही’ असा पर्याय १९७० च्या दशकापासून आहे, आपल्या नोटाच्या कितीतरी आधीचा. फेब्रुवारीत तिथल्या रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत ट्रम्प यांचे नाव नव्हते, आणि त्यांच्या प्रतिस्पर्धी निक्की हेली या पर्यायाकडून हरल्या. रॉबर्ट केनेडी ज्युनियर अपक्ष म्हणून उभे राहिले आणि मतपत्रिकेवर येण्यासाठी राज्याराज्यांत सह्या गोळा करत, कोर्टात भांडत फिरले. जुलैत बायडन बाजूला झाले. ऑगस्टमध्ये केनेडी यांनी प्रचार थांबवून ट्रम्प यांना पाठिंबा दिला आणि चुरशीच्या राज्यांतून नाव काढून घेण्यासाठी पुन्हा कोर्टांची पायरी चढले. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये ते जमले नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेही नकार दिला. नोव्हेंबरात मिशिगनमधल्या सुमारे २७ हजार मतदारांनी, रिंगण सोडून गेलेल्या या उमेदवाराच्या नावावर शिक्का मारला. पुढच्या फेब्रुवारीत तो ट्रम्प यांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाला.