पार्श्वभूमी: फोरमनला शिकवायला शिकवलं तेव्हा

कंपनीतलं ट्रेनिंग म्हटलं की आज आठवतो तो एसी हॉल, न संपणाऱ्या स्लाइड्स आणि निघताना भरून द्यायचा फीडबॅक फॉर्म. काम शिकवायचं कसं, याचा कसून विचार झाला तो मात्र हॉलपासून दूर, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत.

1940 मध्ये अमेरिकेत युद्धसामग्रीच्या ऑर्डरी वाढल्या आणि कसबी माणसं पुरेनात. पुढे तरुण सैन्यात गेले आणि त्यांच्या जागी कारखान्याचं तोंडही न पाहिलेली माणसं आली, त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. चॅनिंग डूली, वॉल्टर डिट्झ वगैरे मंडळींनी चालवलेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ (टीडब्ल्यूआय) या सरकारी योजनेने कामगारांना थेट शिकवायचं टाळलं आणि त्यांच्या फोरमनला शिकवायला शिकवलं. पहिल्या महायुद्धात चार्ल्स अ‍ॅलनने जहाजबांधणी कामगारांसाठी वापरलेल्या चार पायऱ्या त्यांनी थोड्या बदलून उचलल्या: शिकणाऱ्याची तयारी, करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं आणि नंतर लक्ष ठेवणं.

कोर्स दहा तासांचा, दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत. पहिल्याच बैठकीत विजेच्या वायरीची एक गाठ यायची. वायर ओढली गेली तरी जोडणीवर ताण येऊ नये म्हणून मारतात ती. प्रशिक्षक एकाला पुढे बोलावून गाठ कशी मारायची ते नुसतं सांगे. जमत नसे. मग दुसऱ्याला न बोलता करून दाखवे. समोर बसलेल्याला डावं-उजवं उलटं दिसे, तेही फसे. मग चार पायऱ्यांनी, नेमकी महत्त्वाची गोष्ट आणि तिचं कारण सांगत शिकवे. शिकणाऱ्याने गाठ मारायची आणि मारता मारता आपण काय करतोय तेही बोलायचं. वर्गात ठणकावून सांगत: शिकणाऱ्याला आलं नाही, म्हणजे शिकवणाऱ्याने शिकवलंच नाही. आपल्याकडे अशा वेळी खापर कुणावर फुटतं, हे सांगायला नको.

1945 पर्यंत योजनेतल्या सगळ्या कोर्सांची मिळून 16 लाखांहून अधिक प्रमाणपत्रं दिली गेली. युद्ध संपलं, योजनाही गुंडाळली गेली. जपानने मात्र ती उचलून धरली. टोयोटातल्या काम शिकवण्याच्या पद्धतीचं मूळ इथेच सापडतं.

भारतात ती 1950 च्या दशकात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने आली, कापडगिरण्यांपर्यंत पोचली. तोवर मुंबईच्या गिरणीत नवखा शिकायचा तो गावच्या ओळखीच्या माणसाशेजारी उभा राहून, जॉबरची, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाची, मर्जी सांभाळत.

ट्रेनिंगचा उपयोग मोजायची चौकट डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडायला सुरुवात केली: आवडलं का, आलं का, कामात उतरलं का, फरक पडला का. बहुतेक कंपन्या पहिल्या प्रश्नापाशीच थबकतात, कारण त्याचं उत्तर फॉर्मवर आयतं मिळतं.

टीडब्ल्यूआयमध्ये फोरमनकडून एक तक्ताही करून घेत: एका बाजूला कामं, दुसरीकडे माणसं, कोणाला काय कधीपर्यंत यायला हवं. त्याचाच भाऊबंद, स्किल मॅट्रिक्स, आज चाकणच्या शॉपफ्लोअरवर लटकलेला दिसतो. नावापुढच्या वर्तुळाचे चारही भाग काळे झाले, की तो माणूस दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटच्या आदल्या दिवशी मात्र असे शिकवणारे एकाएकी वाढतात.