वित्तसंस्थांचे कर आणि कायदा सल्लागार

बँका, पतसंस्था, फायनान्स कंपन्या, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड अशा पैशाच्याच धंद्यातल्या संस्थांचं काम बघणारे सीए, करसल्लागार आणि वकील. वर्षातून एकदा रिटर्न भरून देणाऱ्यांपेक्षा हे काम वेगळं, कारण इथे आयकर, जीएसटीसोबत रिझर्व्ह बँक, सेबी नाहीतर सहकार खातं यांचे नियमही सांभाळावे लागतात. मोठ्या फर्म मुंबईत, नरिमन पॉइंट आणि बीकेसीला. नाशिकमध्ये मात्र क्लायंट म्हणजे मुख्यतः नागरी सहकारी बँका आणि निफाड, सिन्नर, येवल्यापर्यंत पसरलेल्या पतसंस्था.

करातला इथला सगळ्यात मोठा विषय म्हणजे ऐंशी-पी. आयकर कायदा १९६१ च्या या कलमाने सहकारी संस्थांना नफ्यावर वजावट मिळायची, २००६ च्या वित्त कायद्याने सहकारी बँकांची ती गेली पण पतसंस्थांची राहिली, आणि मग आयकर खात्याने पतसंस्थांनाही तुम्ही बँकच आहात म्हणून नोटिसा काढायला सुरुवात केली. जानेवारी २०२१ मध्ये केरळच्या मविलायी संस्थेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रिझर्व्ह बँकेचं लायसन्स असलेली बँकच या वजावटीतून बाहेर जाते. तरी वाद संपले नाहीत, संस्थेने जादाचा पैसा एफडीत ठेवला तर त्या व्याजावर वजावट मिळते का हा प्रश्न आहेच. नाशिकची अपील पुण्याच्या आयकर अपील न्यायाधिकरणात जातात, तिथपर्यंत सीए स्वतः बाजू मांडू शकतो, पुढे मुंबई हायकोर्टात वकीलच लागतो. आणि रिटर्न मुदतीत भरलं नाही तर वजावटच जाते, त्यामुळे ऑडिट वेळेत उरकून घेणं हाच खरा सल्ला. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे नंबर बदलले, बोलताना लोक अजून ऐंशी-पीच म्हणतात.

कायद्याच्या बाजूला दोन कामं, कर्जाआधीचा सर्च रिपोर्ट, म्हणजे तारण जमिनीचे हक्क तपासल्याचा अहवाल, आणि कर्ज थकल्यावरची वसुली. सर्चमध्ये वकील जुने खरेदीखत, फेरफार, सातबारा काढतो, इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे का, बहिणींची नावं आहेत का हे बघतो. द्राक्षबागेच्या पट्ट्यात अजून एक गोष्ट फार महत्त्वाची, जमीन शेतीची की एनए म्हणजे बिगरशेती. कारण थकलेल्या कर्जासाठी कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागूच होत नाही, म्हणजे साठ दिवसांची नोटीस देऊन ताबा घ्यायचा सोपा रस्ता बंद. सहकारी बँकांना हा कायदा वापरता येतो हे मे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नक्की केलं, ती केस आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील बँकेची. पतसंस्थेला तो मिळत नाही, तिला महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घ्यावा लागतो, मग वसुली अधिकारी जप्ती करतो.

जीएसटीत फार गुंता नाही, कर्जाच्या व्याजावर कर नाही, प्रोसेसिंग फीवर १८ टक्के.

ठेवीदारांनी एक लक्षात ठेवावं, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. त्यामुळे पतसंस्थेत कर्जाच्या फाइलवर वकिलाने नीट वाचून सही केली की नुसतीच केली, यावर गावातल्या माणसांची आयुष्यभराची बचत अवलंबून असते. संचालकाच्या ओळखीचा कर्जदार आहे म्हणून सर्च रिपोर्ट घाईत देणारा सल्लागार फी स्वस्त लावत असला तरी संस्थेने घेऊ नये, आणि जो ऑडिट करतो त्याच्याकडूनच सल्लाही घेऊ नये.