ऑफ-रोड गाडीसाठी ऑनबोर्ड एअर कॉम्प्रेसर निवडणं

ऑनबोर्ड एअर कॉम्प्रेसर म्हणजे गाडीतच कायमचा बसवलेला, गाडीच्या बॅटरीवर नाहीतर थेट इंजिनवर चालणारा हवेचा कॉम्प्रेसर. डिकीत पिशवीत पडून असणारा आणि लागेल तेव्हा बाहेर काढायचा तो पोर्टेबल पंप वेगळा. हा बोनेटखाली, सीटखाली किंवा चासीला बोल्टने पक्का असतो, वायरिंग आधीच करून ठेवलेलं असतं, बटण दाबलं की चालू. ऑफ-रोडवाल्यांना तो लागतो मुख्यतः एकाच कामाला: वाळूत, चिखलात, दगडांत शिरताना टायरमधली हवा कमी करायची आणि डांबरी रस्त्याला परत लागलं की ती पुन्हा भरायची.

हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, आणि तो आडवा पसरतो असं वाटलं तरी खरं तर लांबीला जास्त वाढतो, त्यामुळे वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि गाडी रुतायची कमी होते. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) ठेवलेला टायर वाळूसाठी साधारण १५ ते १८ वर आणतात. फारच मऊ वाळू असली तर अजून खाली जातात, पण मग वळताना टायर रिमवरून सुटायची भीती असते. हवा काढायला काहीच लागत नाही, एक काडी पुरते. भरायचं काय हा प्रश्न नंतर येतो, आणि तेवढ्याच कमी हवेवर हायवेला सुसाट गेलं तर टायरची बाजू सारखी दुमडून तापते आणि टायर फाटू शकतो, म्हणून 'पुढे कुठेतरी पंप दिसला की भरू' हा हिशोब धोक्याचा आहे.

कल्पना नवीन अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या 'डक' या पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणाऱ्या अमेरिकन ट्रकमध्ये ड्रायव्हरला केबिनमध्ये बसूनच टायरचा दाब कमीजास्त करता यायचा. मर्सिडीजच्या उनिमॉग ट्रकसारख्या एअर ब्रेकवाल्या गाड्यांत कॉम्प्रेसर कंपनीतूनच येतो. पिकअपमध्ये उदाहरण द्यायचं तर २०२४ च्या टोयोटा टकोमाच्या ट्रेलहंटर मॉडेलमध्ये तो फॅक्टरी फिटेड आहे. बाकी बहुतेकांना तो बाहेरून घेऊनच बसवावा लागतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

गोंधळ कारण बॉक्सवर सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा सगळ्यात बिनकामाचा असतो. '१५० पीएसआय' वाचून लोक खूश होतात, पण ज्या टायरला ३५ च भरायचंय त्याला १५० चं काय करायचं? दाब कितीपर्यंत जातो यापेक्षा दर मिनिटाला किती हवा देतो हे बघायला पाहिजे, म्हणजे लिटर प्रति मिनिट किंवा सीएफएम, घनफूट प्रति मिनिट (१ सीएफएम म्हणजे साधारण २८ लिटर प्रति मिनिट). आणि तिथेही एक मेख आहे. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा शून्य दाबाचा असतो, म्हणजे पाईप मोकळा सोडल्यावर कॉम्प्रेसर किती हवा फेकतो त्याचा, समोर दाब आला की तो घटतो. एआरबी या कंपनीचा दोन मोटरवाला कॉम्प्रेसर घ्या, शून्य दाबाला सुमारे १७४ लिटर प्रति मिनिट देतो आणि २९ पीएसआयला तोच १३२ च्या आसपास येतो. चांगल्या कॉम्प्रेसरची ही गत, तर स्वस्तातल्यांची घसरण किती असेल बघा. जी कंपनी ३० पीएसआयच्या आसपासचा आकडा छापतच नाही तिच्याकडे जरा संशयानेच बघावं.

आता आपल्याला किती हवा लागते ते काढू, हे गणित सोपं आहे आणि निवडीची सुरुवात इथूनच व्हायला हवी. २६५/७० आर १७ मापाच्या टायरमध्ये आत साधारण ७० लिटर जागा धरा. १८ वरून ३५ वर न्यायचा म्हणजे १७ पीएसआय वाढवायचे, वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय असतो, म्हणजे ७० लिटरच्या सव्वा पटीच्या थोडं आत, ८० लिटर मोकळी (बाहेरच्या साध्या दाबाची) हवा झाली. चार टायरचे ३२० लिटर. खऱ्या दाबाला २० लिटर प्रति मिनिट देणारा छोटा पंप याला १६ मिनिटं घेईल, ६० वाला साडेपाच मिनिटांत उरकेल. मोठे ३५ इंची टायर असले किंवा मागे ट्रेलर असला की हे आकडे भराभर वाढतात. ज्याला वर्षातून दोनदा हवा भरायचीय त्याने १६ मिनिटं थांबायला हरकत नाही, चहा होतो तोवर. रोज हवा काढून परत भरणाऱ्याला नाही परवडत.

पण १६ मिनिटं सलग चालेल का, हा खरा प्रश्न, आणि इथे ड्यूटी सायकल येते, म्हणजे एकूण वेळेपैकी किती वेळ तो चालू शकतो. ३३ टक्के ड्यूटी सायकल म्हणजे १० मिनिटं चालला तर २० मिनिटं विश्रांती, १०० टक्के म्हणजे न थांबता. हा आकडाही ठरावीक दाबाला आणि थंडसर हवेत मोजलेला असतो, उन्हात तापलेल्या बोनेटखाली तो तेवढा राहत नाही. हवा दाबली की ती तापतेच, कितीही भारी मशीन असलं तरी: २० डिग्रीची हवा उष्णता बाहेर न जाता ३५ पीएसआयपर्यंत दाबली तर हिशोबाने ती १४० डिग्रीच्या पुढे जाते, आणि हवा साठवायच्या ११० पीएसआयवाल्या टाकीसाठी दाबली तर अडीचशेच्याही वर. म्हणून कॉम्प्रेसरच्या डोक्याजवळचा, हवा बाहेर पडते तिथला पहिला पाईप साध्या रबराचा नको, स्टीलची जाळी असलेला हवा, आणि मोटर जळायच्या आत बंद करणारा थर्मल कटआउट असलाच पाहिजे.

करंटकडे लोक सगळ्यात शेवटी बघतात, आणि बसवताना सगळ्यात जास्त डोकं तिथेच खातं. ६० अँपिअर ओढणारा मोठा कॉम्प्रेसर धरला तर १२ व्होल्टवर ते ७२० वॅट, जवळजवळ एक हॉर्सपॉवर. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते २० अँपिअरचा, त्यावर असला कॉम्प्रेसर लावला तर फ्यूज उडणारच. थेट बॅटरीवरून जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आणि डॅशबोर्डवरच्या स्विचला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), याला पर्याय नाही. वायर किती जाड? कॉम्प्रेसर बॅटरीपासून ३ मीटर लांब असेल तर जाऊन येऊन ६ मीटर तांबं होतं. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ६० अँपिअरला दीड व्होल्टच्या वर पडतो, वायर तापते ते वेगळंच. १६ ची घातली तर ०.४ व्होल्ट. कॉम्प्रेसर भारी आणि वायर बारीक ही जोडी फार दिसते, मग 'हा हळू का भरतोय' म्हणून कंपनीला शिव्या. चालवताना इंजिन सुरूच ठेवायचं, नाहीतर शेवटच्या टायरपर्यंत बॅटरी बसलेली असते.

जागा बघताना चार गोष्टींचं भांडण असतं: उष्णता, पाणी, धूळ आणि आवाज. बोनेटखाली वायर आखूड होते पण उष्णता जास्त, चासीखाली थंड पण नदी ओलांडताना पाण्यात, सीटखाली कोरडा पण कानाशी खडखडाट. आयपी रेटिंग (धूळ-पाण्यापासून किती संरक्षण ते सांगणारा आकडा) बघावं, आयपी ५५ पाण्याचा फवारा सोसतो, बुडवणं नाही. हवा ओढायचं फिल्टर पाईप लावून उंचावर नेता येतं आणि पाण्यात जाणाऱ्यांनी ते नक्कीच न्यावं.

टाकी लावायची का? फक्त टायर भरायचे असतील तर फारसा फायदा नाही. ४ लिटरची टाकी १२० पीएसआयला भरून ३५ पर्यंत रिकामी केली तर जेमतेम २३ लिटर मोकळी हवा मिळते, एका टायरच्या कामाच्या पाव भागाहून थोडीशीच जास्त. टाकीचा उपयोग एअर लॉकरला किंवा रिमवरून सुटलेला टायर एका झटक्यात परत बसवायला. एअर लॉकर म्हणजे हवेच्या दाबाने डिफरन्शियल लॉक करून एकाच एक्सलची दोन्ही चाकं सारखी फिरवणारी यंत्रणा, त्याला हवा अगदी थोडी लागते पण दाब साधारण ८५ ते १०५ पीएसआयच्या पट्ट्यात टिकवावा लागतो, म्हणून दाब बघून कॉम्प्रेसर आपोआप चालू-बंद करणारा प्रेशर स्विच लागतो, आणि तिथे छोटा कॉम्प्रेसरही पुरतो. इम्पॅक्ट रेंचसारखी (हवेवर नटबोल्ट सोडवणारी) हत्यारं चालवायची हौस असेल तर सांभाळून, ती ९० पीएसआयला ४-५ सीएफएम मागतात आणि १२ व्होल्टवाले बहुतेक तिथे दमतात.

अशांसाठी इंजिनच्या बेल्टवर चालणारा कॉम्प्रेसर. जुन्या गाड्यांच्या एसीचा यॉर्क कॉम्प्रेसर यासाठी प्रसिद्ध आहे कारण त्याच्या तळाशी स्वतःचं ऑइल असतं. आजकालच्या एसी कॉम्प्रेसरला ऑइल गॅसबरोबर फिरून मिळतं, त्याने नुसती हवा दाबायची तर ऑइल वेगळं द्यावं लागतं आणि पुढे हवेतून गाळावं लागतं. ताकद प्रचंड, पण ब्रॅकेट, पुली, बेल्ट यांची खटपट, आणि नवीन गाड्यांत जागाच नसते. तिसरा मार्ग सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडरचा, एक किलो द्रवातून ५०० लिटरच्या वर गॅस निघतो, आवाज नाही, करंट नाही, वेग जबरदस्त, पण सिलिंडर उभा ठेवावा लागतो, तापू द्यायचा नाही, आणि संपला की भरून आणेपर्यंत हात चोळत बसा.

उंचीवरच्या लोकांनी एक लक्षात ठेवावं: ५००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरा वर उरतो, म्हणजे तोच कॉम्प्रेसर तेवढ्याच फेऱ्यांत जवळपास अर्धीच हवा आत ढकलतो. तिकडे फिरायचं असेल तर क्षमता आणि ड्यूटी सायकल दोन्ही गरजेपेक्षा जास्तच धरून घ्यावा.

शेवटी पाईप आणि नोझल, ज्यावर कोणी बोलत नाही. बारीक पाईप लावला की भारी कॉम्प्रेसरही गुदमरतो, आणि भरताना पाईपवरचं मीटर नेहमी जास्त दाखवतं कारण ते टायरचा नाही तर वाहत्या हवेचा दाब वाचतं, म्हणून दाब बघायचा तो भरणं थांबवून. चारही टायरला एकदम जोडायचे चार तोंडांचे पाईप मिळतात, त्यात वेळ पंपाचाच लागतो पण वाकावाकी वाचते आणि चारही टायर आपोआप सारखे होतात. टाकी असेल तर तळाचा नळ अधूनमधून उघडून साठलेलं पाणी काढायचं, सेफ्टी व्हॉल्व तपासायचा, आणि महिनोनमहिने बंद पडून असलेला कॉम्प्रेसर ट्रिपच्या आधी घरीच पाच मिनिटं चालवून बघायचा.