पन्नास ड्रॉइंग, एक स्क्रिप्ट

नाशिकमध्ये सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत नवं फिक्स्चर, म्हणजे मशीनवर जॉब पकडून ठेवणारी जोडणी, करायला घेतलं की चाळीस-पन्नास ड्रॉइंग सहज होतात. मशीनवर आजही कागदच बरा पडतो. तेलकट हाताने स्क्रीन कोण सरकवणार? मग ऑफिसात कुणीतरी फाइल उघडतं, प्रिंटर निवडतं, कागद, स्केल बघतं, ओके करतं. पुन्हा पुढची फाइल.

यात वेळ जातोच, पण खरा धोका मध्येच बदललेल्या सेटिंगचा. ए३चं शीट 'फिट टू पेपर'ने ए४वर गेलं की चित्र साधारण ०.७ पट आकसतं. एकास एक काढलेली ५० मिलिमीटरची कड कागदावर ३५ भरते. आकडा ५०च छापलेला असतो, म्हणून बऱ्याचदा निभावतं. पण त्याच प्रिंटवरून कुणी पत्र्यावर प्रोफाइल आखली, तर जॉब स्क्रॅप.

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यावर 'पब्लिश' ही कमांड आहे. शीटची यादी करायची, सगळ्यांना एकच पेज सेटअप, म्हणजे छपाईच्या सेटिंगचा जपलेला संच, लावायचा आणि यादी डीएसडी फाइलमध्ये जपून ठेवायची. कागद, स्केल, रेषांची जाडी यांचा निर्णय एकदाच होतो.

फाइली उघडून छापण्याचं सगळं कामच सोपवायचं असेल, तर स्क्रिप्ट. ही साधी टेक्स्ट फाइल असते. एरवी आपण कीबोर्डवर जे टाइप करू, तेच तिच्यात क्रमाने लिहिलेलं. छापण्याची कमांड 'प्लॉट'. तिच्या आधी उणे चिन्ह दिलं की डायलॉग बॉक्सऐवजी कमांड लाइनवर प्रश्न येतात: लेआउट कोणता, पेज सेटअप कोणता, प्रिंटर कोणता. स्क्रिप्ट ओळीने उत्तरं देते. मात्र तिच्यात रिकामी जागा म्हणजे एंटर! एक जादा स्पेस पडली की पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकतात आणि पेज सेटअपचं नाव प्रिंटरच्या प्रश्नाला जातं. नवी स्क्रिप्ट आधी दोन-तीन फाइलींवर चालवावी ती यासाठीच.

रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगची कितवी सुधारित आवृत्ती, हे मात्र स्क्रिप्टला कळत नाही. फोल्डरमध्ये जुनी फाइल असेल, तर तीच सुबक छापून येईल. फॉन्ट सापडला नाही तर एखाद्या चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटू शकतं. म्हणून आधी सगळ्या शीटची पीडीएफ काढावी, प्रत्येक शीटच्या टायटल ब्लॉकमधला, म्हणजे माहितीच्या चौकटीतला, रिव्हिजन क्रमांक मूळ यादीशी ताडून बघावा आणि मगच गठ्ठा प्लॉटरवर सोडावा.