जिवाणूंचा खासगी निरोप आणि आपल्या पेशींचे कान

पोहता पोहता एखादा जिवाणू कुठेतरी टेकतो आणि त्याच्यासमोर प्रश्न उभा राहतो: इथेच मुक्काम ठोकायचा की पुढं निघायचं? याचं उत्तर बऱ्याचदा त्याच्या आतल्या एका इवल्याशा रेणूच्या प्रमाणावर ठरतं. या रेणूचं नाव सायक्लिक डाय-जीएमपी. आरएनएच्या साखळीतल्या चार घटकांपैकी ‘जी’ या घटकाच्या दोन प्रती दोन्ही टोकांनी जोडल्या की जे कडं तयार होतं, तोच हा रेणू. त्याचं प्रमाण कमी असलं की जिवाणू शेपटीसारखा अवयव फिरवत पोहत राहतो. प्रमाण वाढलं की पोहणं थांबतं, चिकट द्रव्य पाझरू लागतं आणि जिवाणूंची वस्ती जमते. हीच ती बायोफिल्म. १९८७ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मोशे बेन्झिमन यांच्या गटाने हा रेणू शोधला, तो सेल्युलोज तयार करणाऱ्या एका निरुपद्रवी जिवाणूत. तेव्हा हा विषय प्रतिकारशक्तीचा नव्हताच.

आपल्या पेशी हा रेणू बनवत नाहीत, आणि सगळी गंमत इथेच आहे. आपल्या पेशीद्रवात तो आढळला, तर जिवाणू आत शिरला आहे किंवा आपला माल आत सोडतो आहे, एवढं नक्की. उपजत प्रतिकारशक्ती अशाच खुणांवर चालते. तिला शत्रूचं नाव-गाव लागत नाही, ‘हे आपलं नव्हे’ एवढं कळलं की पुरतं. नेमकी प्रतिपिंडं तयार व्हायला दिवस जातात. उपजत यंत्रणा मात्र काही तासांत कामाला लागते.

हा निरोप पेशीत ऐकतं कोण? २००८ साली अमेरिकेतल्या ग्लेन बार्बर यांच्या प्रयोगशाळेने स्टिंग नावाचं एक प्रथिन शोधलं होतं. पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यावर ते जोडीने बसलेलं असतं. दोन भाग एकमेकांना टेकल्यावर मधे इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच तयार होते. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत रसेल व्हान्स यांच्या गटाने दाखवून दिलं, की सायक्लिक डाय-जीएमपी थेट याच खाचेत बसतो. मधे कुणी दलाल लागत नाही. रेणू बसला की स्टिंग आपली जागा सोडून गॉल्जी संस्थेकडे सरकतं आणि टीबीके१ नावाच्या विकराला सोबत घेतं. ते विकर आयआरएफ३ या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं, आयआरएफ३ केंद्रकात शिरतं आणि इंटरफेरॉन या इशारा देणाऱ्या प्रथिनाची जनुकं चालू होतात. इंटरफेरॉन बाहेर पडला की शेजारच्या पेशीही सावध होतात.

याच सुमारास एक चकित करणारी गोष्ट पुढे आली. टेक्सासमध्ये झिजियान चेन यांच्या गटाने शोधून काढलं, की पेशीद्रवात भलत्या जागी डीएनए दिसला की आपल्याच पेशीतलं सीगॅस हे विकर सीजीएएमपी नावाचा असाच कड्यासारखा रेणू बनवतं, आणि तो त्याच खाचेत जिवाणूच्या रेणूपेक्षा कितीतरी घट्ट बसतो. पुढे जिवाणूंमध्येही सीगॅसचे नातलग सापडले. जिवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंशी लढायला ते कामी येतात. म्हणजे ही यंत्रणा आपल्याहून फार जुनी आहे.

मग हाच रेणू बाहेरून देऊन प्रतिकारशक्तीला आधीच जागं करता येईल का? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांना आधी सायक्लिक डाय-जीएमपी देऊन नंतर न्यूमोनिया घडवणाऱ्या क्लेब्सिएला जिवाणूंचा संसर्ग केला गेला. अशा उंदरांच्या फुप्फुसांत जिवाणू कमी आढळले आणि ते उंदीर जास्त प्रमाणात जगले. रेणूने जिवाणूला मारलं नव्हतं, मारणाऱ्या पेशी तेवढ्या वेळेआधी जमवून ठेवल्या होत्या. प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढत असताना हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

पण वाट सोपी नाही. या रेणूवर विद्युतभार असतो, त्यामुळे तो पेशीच्या पडद्यातून सहज आत जात नाही. सूक्ष्म कणांत गुंडाळून तो पोहोचवावा लागतो. शिवाय स्टिंगला गप्प बसवणं तितकंच गरजेचं असतं. काही बाळांमध्ये जनुकातल्या बदलामुळे स्टिंग जन्मापासून चालूच राहतं. २०१४ साली वर्णन झालेल्या या आजारात रक्तवाहिन्या, त्वचा आणि फुप्फुसं स्वतःच्याच दाहाने होरपळतात. जास्त काळ, जास्त जोरात आणि सगळ्या शरीरभर दिलेली चेतावणी म्हणजे घातच.

म्हणून माझा कल लसीकडे आहे. लसीतल्या प्रतिजनाबरोबर, म्हणजे जंतूची ओळख पटवणाऱ्या भागाबरोबर, या रेणूची थोडीशी मात्रा दिली, की तो तिथल्या पेशींना ‘ही वस्तू गांभीर्याने घ्या’ एवढं सांगतो आणि विरून जातो. नाकावाटे द्यायच्या लसींसाठी तर तो विशेष सोयीचा ठरू शकतो. उंदरांत तो नाकातून दिल्यावर श्लेष्मल त्वचेवरच्या, म्हणजे जंतू आत शिरतात त्याच दारावरच्या, प्रतिपिंडांत चांगली वाढ दिसली आहे.

उंदीर आणि माणूस यांच्यातलं अंतर मात्र डोळ्यांआड करून चालणार नाही. डीएमएक्सएए नावाच्या औषधाने उंदरांच्या कर्करोगाच्या गाठी झपाट्याने विरघळत. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या हजाराहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत ते साफ अपयशी ठरलं. नंतर उलगडा झाला: ते उंदराच्या स्टिंगला चालू करतं, माणसाच्या स्टिंगला करतच नाही. सायक्लिक डाय-जीएमपी माणसाच्या स्टिंगलाही जोडला जातो, हा त्याचा मोठा आधार. तरी माणसामाणसांत स्टिंगचे प्रकार वेगवेगळे असतात आणि काही प्रकार जिवाणूच्या रेणूला फार मंद प्रतिसाद देतात. त्यामुळे नवा रेणू आधी या निरनिराळ्या मानवी स्टिंगवर पारखून, मगच पुढच्या चाचण्यांकडे न्यायला हवा.