खोडी सांगून होत नाही: मांजरांच्या व्हिडिओमागची दीडशे वर्षं

टेबलाच्या कडेवरचा पेला पंजाने ढकलत ढकलत न्यायचा, मध्येच थांबून मालकाच्या तोंडाकडे बघायचं आणि मग शांतपणे तो खाली पाडायचा. हे टिपायला मांजर लागतं, पेला लागतो आणि नेमक्या त्या क्षणी चालू असलेला कॅमेरा लागतो. पहिल्या दोन गोष्टी माणसाकडे कधीपासूनच होत्या. तिसरी यायला शंभराहून जास्त वर्षं गेली. कुत्र्याकडून सांगून काही करवून घेता येतं. मांजराला ‘पुन्हा एकदा कर’ म्हटलं तर ते उठून दुसऱ्या खोलीत निघून जातं. म्हणून या व्हिडिओंचा इतिहास इंटरनेटपासून सांगितला की अर्धाच सांगून होतो. आधीचा अर्धा त्या काळाचा आहे, जेव्हा मांजराची वाट पाहणं कुणालाच परवडत नव्हतं.

१८७०च्या दशकात इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरात हॅरी पॉइंटर नावाचा छायाचित्रकार होता. तो सुरुवातीला मांजरांचे साधेच फोटो काढायचा: दूध पिताना, टोपलीत झोपलेली. पुढे त्याच्या लक्षात आलं की मांजर माणसासारखं काही करताना दाखवलं आणि खाली एखादी गमतीदार ओळ टाकली तर फोटो जास्त खपतात. मग चहा पिणारी, तीनचाकी चालवणारी, फोटो काढणारी मांजरं आली. १८८४पर्यंत अशी सुमारे दोनशे चित्रं झाली होती. मांजराचं चित्र आणि त्याखाली मांजराच्या मनातलं म्हणून माणसाने लिहिलेलं वाक्य, हा प्रकार २००७च्या आसपास इंटरनेटवर नव्याने गाजला, तेव्हा तो सव्वाशे वर्षं जुना होता हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हॅरी व्हिटियर फ्रीज याने तोच धंदा पुढे नेला. झबली-टोपडी घातलेली मांजराची पिल्लं, खेळण्यातल्या चुलीपाशी उभी किंवा बाहुलीच्या पलंगावर पहुडलेली. त्याच्या कॅमेऱ्याला एका फोटोसाठी सेकंदाच्या पाचव्या भागाइतका वेळ लागे. ऐकायला थोडा वाटतो, पण पिल्लाने कान हलवायला तो पुरेसा आहे. फोटो ज्यांवर उमटत त्या काचा मोठ्या संख्येने वाया जात. या फोटोंत मांजर खोडकर दिसतं, पण खोडी सगळी छायाचित्रकाराची आहे. मांजर बिचारं कपड्यांत अडकलेलं असतं.

हलत्या चित्रांच्या बाबतीत १८९४ हे साल मजेशीर आहे. त्या एकाच वर्षी अटलांटिकच्या दोन्ही काठांवर दोन वेगळ्या कारणांसाठी मांजरं कॅमेऱ्यासमोर आली. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज इथे एडिसनचा ‘ब्लॅक मारिया’ नावाचा स्टुडिओ होता. छप्पर उघडून ऊन आत घ्यायचं आणि उन्हाबरोबर आख्खी खोली रुळावर फिरवायची, अशी त्याची रचना. तिथे प्रोफेसर वेल्टन नावाच्या खेळवाल्याची दोन मांजरं छोट्या रिंगणात, हातमोजे चढवून मुष्टियुद्ध खेळली. चित्रण केलं विल्यम डिक्सन आणि विल्यम हाइस यांनी. सगळा मामला वीसेक सेकंदांचा. वेल्टन मागे उभा राहून दोघांना एकमेकांकडे ढकलत असतो, हे नीट पाहिलं की कळतं. मांजराचा पहिला व्हिडिओ म्हणून हा तुकडा आजही दाखवला जातो. मला तो पाहून हसण्यापेक्षा वेल्टनचाच राग जास्त येतो.

दुसरं मांजर पॅरिसमध्ये पडत होतं. एटियेन-ज्यूल मारे हा शरीरशास्त्रज्ञ हालचालींचा अभ्यास करत असे. एका सेकंदात अनेक छायाचित्रं घेणारा कॅमेरा त्याने तयार केला होता. मांजर कसंही टाकलं तरी चारी पायांवर पडतं, हे सगळ्यांना माहीत. पण हवेत आधार नसताना ते वळतं कसं, यावर विद्वानांत वाद होता. सोडणाऱ्याच्या हाताला रेटा देऊन ते वळत असेल, असं अनेकांना वाटे. मारेने मांजर पाय वर करून धरलं, सोडलं आणि त्या पडण्याचे तुकडे तुकडे करून दाखवले. पडायला लागेपर्यंत मांजर वळलेलंच नसतं. नंतर ते कमरेत वाकतं, पुढचे पाय जवळ घेऊन पुढचा भाग फिरवतं, आणि मग मागचा. १८९४मध्येच ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने ही चित्रं छापली आणि सोबत शेराही मारला की पडून झाल्यावर मांजराच्या चेहऱ्यावर जो दुखावलेल्या प्रतिष्ठेचा भाव आहे, त्यावरून त्याला शास्त्रीय संशोधनात रस नसावा. आजच्या कुठल्याही व्हिडिओखाली शोभेल अशी ही ओळ आहे. त्या वळण्याचं पूर्ण गणित मांडायला मात्र १९६९ साल उजाडलं.

१९०३मध्ये ब्रायटनच्याच परिसरातल्या जॉर्ज अल्बर्ट स्मिथने आजारी पिल्लाला चमच्याने ‘औषध’ पाजणाऱ्या मुलांचा एक छोटा चित्रपट केला. त्यात मध्येच पिल्लू पडदाभर दिसतं. जवळून घेतलेलं दृश्य कथेच्या मधोमध बसवण्याच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. चमचा चाटणारं पिल्लू दुरून दिसलं असतं तर त्यात बघण्यासारखं काय उरलं असतं?

यानंतरची साठ-सत्तर वर्षं मांजराच्या दृष्टीने भाकडच गेली. घरगुती सिनेमाचे कॅमेरे आले, १९२३मध्ये सोळा मिलिमीटरची फिल्म, १९३२मध्ये आठची आणि १९६५मध्ये सुपर आठ. पण हिशेब बघा. सुपर आठच्या एका डबीत पन्नास फूट फिल्म, म्हणजे तीन मिनिटं आणि वर काही सेकंद. ती एकदाच वापरायची, धुवायला पाठवायची, आणि काय आलं ते नंतर कळणार. असली तीन मिनिटं माणूस बारशाला, लग्नाला, मुलाच्या पहिल्या पावलाला वापरतो. मांजर खोक्यात शिरेल म्हणून कोण खर्चणार? अपवाद होते. अलेक्झांडर हॅमिड आणि माया डेरेन या चित्रपटकार जोडप्याने १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरातल्या मांजरांवर वीसेक मिनिटांचा मूकपट केला. कॅमेरा मांजराच्या उंचीवर आणून ठेवलेला, पिल्लांचा जन्म, त्यांची धडपड, आणि माणूस जवळपास नाहीच. पण ते दोघं पेशाने हेच काम करणारे होते.

गाडी खरी हलली ती चुंबकीय फितीमुळे. कॅसेट दोन तास चालते, आवडलं नाही तर त्यावरच पुन्हा चित्रण करता येतं. १९८५मध्ये सोनीचा पहिला हँडीकॅम आला आणि कॅमेरा एका हातात मावू लागला. आता कॅमेरा सुरू ठेवून नुसतं बसता येत होतं. घरोघरी अशा फिती साठल्या. जपानमध्ये एका विनोदी कार्यक्रमाने प्रेक्षकांकडून घरगुती चित्रफिती मागवून दाखवायला सुरुवात केली. अमेरिकेने ती कल्पना उचलली, आणि नोव्हेंबर १९८९च्या एका विशेष भागानंतर जानेवारी १९९०पासून ‘अमेरिकाज फनिएस्ट होम व्हिडिओज’ दर आठवड्याला दिसू लागला. बक्षीस दहा हजार डॉलर. खिडकीच्या पडद्यावरून घसरणारं, टबात पडणारं, आरशाशी भांडणारं मांजर तिथे नित्याचं झालं.

बाकीच्या हजारो फिती कपाटातच राहिल्या. त्यातली एक १९८४ची. चार्ली श्मिट या कलाकाराने आपल्या फॅट्सो नावाच्या मांजराला निळा सदरा घालून त्याच्या पंजांनी कीबोर्ड ‘वाजवून’ घेतला होता. फॅट्सो १९८७मध्ये गेलं. वीस वर्षांनी, २००७मध्ये, श्मिटने ती फीत यूट्यूबवर टाकली, आणि २००९मध्ये कुणी फजित झाल्याच्या व्हिडिओच्या शेवटी हा तुकडा जोडायची टूम निघाली. हयात नसलेलं मांजर जगप्रसिद्ध झालं. कपडे घालून पंजे हलवायचे, म्हणजे पद्धत पुन्हा फ्रीजचीच.

यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला २३ एप्रिल २००५ला, प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींसमोरचा. महिनाभरात संस्थापकांपैकी स्टीव्ह चेनने आपल्या पजामाज नावाच्या मांजराचा व्हिडिओ टाकला. ते एका दोरीशी खेळत असतं, बस इतकंच. इथे कुणी काही करवून घेत नाही, आणि हाच पुढच्या काळाचा साचा ठरला. जपानमधला मारू हा स्कॉटिश फोल्ड जातीचा गुबगुबीत बोका त्याचा महानायक. २००८पासून तो खोक्यांत शिरायचा, मावत नसला तरी शिरायचा, धावत येऊन पोटावर घसरत शिरायचा. घरचं माणूस दिसत नाही, निवेदन नाही. कॅमेरा जमिनीलगत, आणि मारू. सप्टेंबर २०१६पर्यंत त्याचे व्हिडिओ ३२ कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले होते, आणि यूट्यूबवर सर्वाधिक पाहिला गेलेला प्राणी म्हणून गिनीजने त्याची नोंद केली.

३० ऑगस्ट २०१२ला अमेरिकेतल्या मिनीॲपोलिसमध्ये वॉकर आर्ट सेंटर या कलासंग्रहालयाने उघड्या मैदानावर मांजरांच्या व्हिडिओंचा महोत्सव भरवला. दहा हजारांच्या आसपास माणसं आली. एकेकट्याने पडद्यात डोकं घालून बघायची गोष्ट लोकांनी गवतावर बसून एकत्र पाहिली. बक्षीस मिळालं ते अस्तित्वाच्या व्यर्थतेवर फ्रेंचमध्ये चिंतन करणाऱ्या आँरी नावाच्या बोक्याच्या कृष्णधवल लघुपटाला. अर्थात चिंतन माणसाचंच, बोका नुसता खिडकीत बसलेला. पुन्हा पॉइंटरची ओळ!

यावर गंभीर माणसांनीही विचार केला. माध्यम-अभ्यासक ईथन झुकरमन यांनी २००८मध्ये मांडलं की मांजरांचे फोटो टाकायला जी साधनं बनली, तीच चळवळ्या लोकांना सर्वांत उपयोगी पडतात. सरकारने ती बंद केली तर राजकारणाशी देणंघेणं नसलेले असंख्य लोकही चिडतात, म्हणून ती सहज बंद करता येत नाहीत. २०१५मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या जेसिका गॉल मिरिक यांनी जवळजवळ सात हजार जणांना विचारून पाहिलं. मांजरांचे व्हिडिओ पाहिल्यावर उत्साह वाढतो आणि चिंता, चिडचिड कमी होते, असं लोकांनी सांगितलं. हातातलं काम टाळून पाहिल्याची टोचणीही या मजेपुढे फिकी पडत होती. त्याच अभ्यासात उद्धृत केलेला आकडा असा की २०१४मध्ये यूट्यूबवर मांजरांचे वीस लाखांहून जास्त व्हिडिओ होते.

कॅमेऱ्याने मांजराविषयी नवं काही शिकवलं का? शिकवलं. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण ते पितं कसं हे उघड्या डोळ्यांनाही दिसत नव्हतं. एका संशोधकाने नाश्त्याच्या वेळी आपल्या मांजराकडे बघताना हा प्रश्न धरला आणि २०१०मध्ये एमआयटीसह काही संस्थांतल्या अभ्यासकांनी ‘सायन्स’मध्ये उत्तर छापलं. कुत्रं जीभ पळीसारखी वळवून पाण्यात बुडवतं. मांजर जिभेचं टोक पृष्ठभागाला नुसतं टेकवतं आणि झर्रकन वर ओढतं. पाठोपाठ द्रवाचा एक बारीक खांब उठतो, तो कोसळायच्या आत जबडा मिटतो. सेकंदाला चार वेळा. आपल्याला दिसतं ते फक्त जिभेचं लवलवणं. वाघ-सिंहांसारख्या मोठ्या मांजरांचा वेग ताडून पाहायला त्यांनी यूट्यूबवरचे व्हिडिओही वापरले, हे मला विशेष आवडतं. खोक्यांचंही तसंच. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात २०१४मध्ये पाहिलं गेलं की नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोकं मिळालं, ती लवकर स्थिरावली. मारूला कोणता ताण होता कोण जाणे, पण बऱ्याच मांजरांना चारी बाजूंनी आडोसा हवा असतो.

उलटही झालं. २०१५मध्ये जेवणाऱ्या मांजरामागे गुपचूप काकडी ठेवायची आणि त्याची उडी टिपायची अशी लाट आली. प्राणिवर्तनाच्या जाणकारांनी लगेच सांगितलं की ही गंमत नव्हे, दचकणं आहे, आणि खाण्याच्या जागेचीच भीती बसली तर मांजर जेवणही टाळू लागतं. अशा व्हिडिओत कान मागे चपटलेले, शेपटी फुललेली, बुबुळं मोठी झालेली दिसतात. खोडीत यातलं काही नसतं. ‘ग्रम्पी कॅट’ म्हणून २०१२पासून गाजलेल्या मांजरीचा रुसका चेहराही स्वभावातून आलेला नव्हता. तिला खुजेपणाचा आजार होता.

खिशातल्या फोनने वाट पाहण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला, आणि कोपऱ्यात टांगलेल्या घरगुती कॅमेऱ्याने तर वाट पाहणाराच काढून टाकला. रात्री तीन वाजता कपाटावरून झेप घेणारं मांजर आता कुणी जागं नसतानाही टिपलं जातं. शिवाय त्याला कसं खेळवावं हेही माणसाने दरम्यान कागदोपत्री नोंदवलं होतं: लेझरचा ठिपका भिंतीवर नाचवून मांजराला व्यायाम घडवण्याच्या पद्धतीला अमेरिकेत १९९५मध्ये रीतसर पेटंट मिळालं.

असाच ठिपका पकडू पाहणारं टेटर्स नावाचं नारिंगी मांजर डिसेंबर २०२३मध्ये अंतराळातून पृथ्वीवर आलं. सायकी या अंतराळयानावरच्या लेझर संपर्क यंत्रणेची चाचणी म्हणून नासाने त्याचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ सुमारे ३.१ कोटी किलोमीटरवरून धाडला. यायला १०१ सेकंद लागले. मांजरच का, याला जुना दाखला होता: १९२८मध्ये दूरचित्रवाणीच्या प्रायोगिक प्रसारणात कॅमेऱ्यासमोर फेलिक्स या व्यंगचित्रातल्या मांजराचा पुतळा ठेवला होता. यंत्रांचं आणि मांजराचं हे नातं गूगलमध्येही दिसलं. २०१२मध्ये यूट्यूबवरच्या व्हिडिओंतली एक कोटी चित्रं सोळा हजार प्रोसेसरांच्या जाळ्याला दाखवली, कशात काय आहे हे न सांगता. मांजर कसं दिसतं हे ते आपलं आपण ओळखायला शिकलं.

आणि आता मांजराचीही गरज उरलेली नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये ओपनएआय या कंपनीने लिहिलेल्या वाक्यातून व्हिडिओ बनवणाऱ्या ‘सोरा’ या एआय प्रणालीची ओळख करून देताना जे नमुने दाखवले, त्यात एक मांजर झोपलेल्या मालकिणीला खाण्यासाठी उठवत होतं. कुणीतरी एक वाक्य लिहिलं आणि खोडी हजर. लोकांनी ती थांबवून थांबवून पाहिली, तेव्हा मांजराला एक पंजा जास्त निघाला.