आधी भोक की आधी बेंड?

शीट मेटलच्या कुठल्याही शॉपमध्ये कामाचा क्रम ठरलेला असतो. पत्रा लेझरवर नाहीतर टरेट पंचवर (ठोकून भोकं पाडणाऱ्या यंत्रावर) सपाट कापायचा, भोकं आणि खाचा त्याच वेळी पाडून घ्यायच्या आणि मग तो प्रेस ब्रेकवर वाकवायचा. कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करायला बसलेले आपण मात्र उलटे चालतो. आधी वाकलेला पार्ट उभा करतो, त्यात कट मारतो आणि सगळ्यात शेवटी फ्लॅट पॅटर्न, म्हणजे पार्टचा उलगडलेला सपाट आकार, काढतो. बेंडवरच्या (वाकवलेल्या जागेवरच्या) कटआउटची डोकेदुखी या दोन क्रमांच्या भांडणातून येते. वाकलेला आकार सपाट कसा मांडायचा, हा प्रश्न मात्र कॉम्प्युटरपेक्षा बराच जुना आहे.

घनाकृती उलगडून सपाट केल्या तर कशा दिसतील, याची चित्रं जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५२५ मध्येच छापली होती. कोणता पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट होतो, याचं गणित गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये मांडलं. त्याच शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये गणितज्ञ गास्पार मोंजने वर्णनात्मक भूमिती (घनाकृती कागदावर मापात मांडण्याची विद्या) शिकवायला घेतली. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ‘डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस’ (पृष्ठभाग उलगडून सपाट काढणं) म्हणून जे छळतं, ते याच घराण्यातलं. आयटीआयमध्ये शिकलेला शीट मेटल वर्कर तेच काम स्क्रायबर आणि डिव्हायडर घेऊन थेट पत्र्यावर करायचा. पाइपच्या परिघाचे बारा भाग पाडायचे, प्रत्येक रेघेवर उंची टाकायची, ठिपके जोडायचे. पाइपला पाइप मिळतो तिथलं भोकही असंच निघायचं. एकदा बरोबर बसलं की त्याचा फर्मा करून ठेवायचा, कारण तेवढी उठाठेव पुन्हा कोण करणार?

या भूमितीत पत्र्याला जाडी नव्हती. प्रत्यक्षात बेंडमध्ये बाहेरची बाजू ताणली जाते, आतली आवळली जाते आणि मधल्या एका थराची लांबी तेवढी कायम राहते. तो थर आतल्या बाजूपासून जाडीच्या किती पटीवर आहे, ते के-फॅक्टर सांगतो. अमेरिकी विमान-दुरुस्तीच्या हस्तपुस्तिकांत बेंड अलाउन्सचं (बेंडमध्ये किती लांबीचा पत्रा जातो, त्याचं) एक सूत्र असतं: आतल्या त्रिज्येला ०.०१७४३ ने गुणा, जाडीला ०.००७८ ने गुणा, बेरीज करा आणि बेंडच्या अंशांनी गुणा. पहिला आकडा म्हणजे पाय (π) भागिले १८०, थोडा घसरलेला. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की ०.४४७५ येतं. आज आपण सॉफ्टवेअरमध्ये ०.४४-०.४५ चा के टाकतो, तो तिथे असा दडून बसलाय.

आता २ मिमी पत्रा, आतली त्रिज्या २ मिमी आणि ९० अंशांचा बेंड घ्या. के ०.४४ धरला तर अलाउन्स ४.५२ मिमी येतो, ०.३३ धरला तर ४.१८. फरक जेमतेम ०.३५ मिमीचा. एका बेंडला कुणी विचारणार नाही. पण ओळीने चार बेंड असलेल्या पार्टमध्ये तो १.४ मिमी होतो आणि शेवटच्या फ्लँजवरचं (वाकवलेल्या पट्टीवरचं) भोक समोरच्या बोल्टला भेटत नाही. अशा वेळी पहिली शिवी ऑपरेटरला बसते. चूक बहुतेकदा आमच्या टेबलवरची असते.

विमानांच्या पत्राकामात आणखी एक शिस्त होती. दोन बेंड कोपऱ्यात जिथे भेटतात, तिथे वाकवण्याआधी रिलीफ होल पाडायचं, म्हणजे चीर जात नाही. आज ते कॉर्नर रिलीफ नावाचं बटण झालंय. नवीन मुलं ते बंद करून ठेवतात, कारण ‘मॉडेल स्वच्छ दिसतं’.

१९८२ मध्ये ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आलं, सोबत ड्रॉइंग दुसऱ्या सॉफ्टवेअरला देता येणारी डीएक्सएफ फाइल आली. तरी ड्रॉइंग बोर्डवरचीच रीत चालू राहिली: कॅल्क्युलेटरवर डेव्हलपमेंट काढायची आणि सपाट आकारच रेखाटायचा. क्रमाचं भांडण तेव्हा नव्हतं, कारण ड्राफ्ट्समनही शॉपसारखाच सपाट विचार करत होता. १९८८ च्या सुमारास प्रो-इंजिनिअर या कॅड सॉफ्टवेअरने फीचर (कट, बेंड अशी एकेक क्रिया) आणि पॅरामीटरची (बदलता येणाऱ्या मापांची) पद्धत रुळवली, १९९५ मध्ये सॉलिडवर्क्सने ती विंडोजवर आणली, आणि कोणती क्रिया आधी, कोणती नंतर, हे मॉडेलच्या झाडात (क्रियांच्या क्रमवार यादीत) लिहिलं जाऊ लागलं. सॉलिडवर्क्सच्या जुन्या शीट मेटल पद्धतीत झाडात ‘फ्लॅटन-बेंड्स’ आणि ‘प्रोसेस-बेंड्स’ अशा दोन पायऱ्या दिसायच्या. या दोन पायऱ्यांच्या मधे कट घातला की तो सपाट पत्र्यात बसायचा, प्रोसेस-बेंड्सच्या खाली घातला की वाकलेल्या पार्टमध्ये. मला ती पद्धत अजूनही जास्त प्रामाणिक वाटते. पुढे अनफोल्ड आणि फोल्ड आले: हवा तेवढाच बेंड उलगडा, कट मारा, परत मिटा.

‘नॉर्मल कट’चं, म्हणजे पत्र्याला काटकोनात मारलेल्या कटचं, प्रकरण वेगळं. समजा फ्लँज ४५ अंशांनी तिरका आहे, पत्रा २ मिमी आहे आणि त्यातून २० मिमीचा पाइप उभा जायचाय. वरून २० चं वर्तुळ काढून सरळ आरपार कट मारला की पत्र्यावर २८.३ मिमी लांबीची लंबवर्तुळं उमटतात, पण वरच्या आणि खालच्या पृष्ठावरची एकमेकांपासून २ मिमी सरकलेली, आणि कडा तिरप्या. साधा फ्लॅट-बेड लेझर पत्र्याला काटकोनातच कापतो; तिरपी कड त्याला जमत नाही. पाइप जायला हवा तर भोकाची लांबी ३०.३ मिमी लागते. पत्र्याला काटकोनातल्या कडांची ती शुद्ध खाच काढून देणं, हे नॉर्मल कटचं काम.

ज्या कार्बन डायऑक्साइड लेझरने पत्राकापणीचा धंदा बदलला, तो १९६४ मध्ये बेल लॅब्समध्ये कुमार पटेल यांनी बनवला. जन्म बारामतीचा, पदवी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची. १९६७ मध्ये इंग्लंडात पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी त्या किरणाला ऑक्सिजनची जोड देऊन १ मिमी स्टील कापून दाखवलं.

इतकं होऊनही बेंडला खेटून असलेलं भोक फसवतंच. प्रेस ब्रेकच्या खालच्या साच्यातल्या, म्हणजे डायच्या, व्ही-गाळ्यावर पत्र्याला खालून आधार नसतो, त्यामुळे तिथलं गोल भोक ओढलं जाऊन थेंबासारखं होतं. स्क्रीनवर ते शेवटपर्यंत गोलच दिसतं. म्हणून बेंडच्या त्रिज्येपलीकडे जाडीच्या अडीच पट जागा सोडा, असा ठोकताळा आहे. ती जागा नसेल तर फ्लॅट पॅटर्नमधून भोक काढून टाकायचं, फक्त सेंटरची खूण ठेवायची आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहायचं: ड्रिल आफ्टर बेंडिंग.